शर्यतीच्या टायरांवर, भर पावसात

माझ्या मुलाच्या गाडीची पुढची दोन चाकं बघितलीत तर तुम्हीसुद्धा म्हणाल, या बाईच्या घरात टायर बदलायची ऐपत राहिलेली नाही. गुळगुळीत. नावाला दोन-चार रेघा, बाकी सगळं सपाट. ट्रकवाले असल्या टायरला गोटा म्हणतात, ओढ्यातल्या गोट्यासारखा झिजलेला म्हणून. आणि आमचं अख्खं घर ट्रकवर उभं राहिलेलं. सासऱ्यांचं मिठागर होतं, ते गेलं, मग यजमानांनी ट्रक घेतला, ते गेल्यावर आता मुलाचे दोन ट्रक बंदराच्या कामावर चालतात. अशा घराच्या दारात गोटा टायरची गाडी म्हणजे सोनाराच्या बायकोचे कान भुंडे.

पण ते टायर झिजलेले नव्हते. नवेच तसे येतात. मुलगा त्यांना ड्रॅग रेडियल म्हणतो. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि पाव मैल आधी कोण पोचतो ते बघायचं, त्या शर्यतीचे ते टायर. रबर इतकं मऊ, की नख दाबलं तर रुततं. शर्यतीआधी चाकं जागच्या जागी गरगरा फिरवून धूर काढतात, टायर तापला की डांबराला गोचिडीसारखा चिकटतो. कोरड्या डांबराला. साध्या टायरला खाचा असतात त्या पाणी बाहेर टाकायला. यांना खाचाच नाहीत, मग पाणी जाणार कुठे? गाडी पाण्यावर चढते आणि होडी होते. हे सगळं मुलाने मला समजावून सांगितलं होतं. घडल्यावर नव्हे, आधी.

घडलं ते असं. मुलगा तिशी ओलांडून गेला होता आणि लग्न जमत नव्हतं. कुणाला ट्रकवाला नको, कुणाला गाव नको, कुणाला सासू नको. शेवटी खाडीपलीकडून, उरणकडून एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, नोकरीवाली, माणसं आमच्यासारखीच आधी मिठागरातली आणि आता ट्रकवाली. आमच्यात शब्द देण्याआधी मुलीकडच्या बायका घर बघून जातात. पुरुष बघतात कामधंदा. बायका मोरी बघतात, फडताळ उघडून बघतात, सासूचं तोंड कसं चालतं ते बघतात. घर पसंत पडलं, की मग मुलामुलीने भेटायचं, असं ठरलं होतं. येणार होत्या मुलीची आई आणि मुलीची आत्या.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. मध्यस्थाने विचारलं होतं, “मुलाला काही नाद?” मी म्हटलं, “गाड्यांची आवड हाय.” संपलं. शर्यतीचं नाव काढलं नाही. माझे यजमान किनाऱ्यावर बैलगाड्या पळवायचे आणि त्यापायी माझ्या वडिलांनी आधी सरळ नकार दिला होता. म्हणायचे, शर्यतीच्या माणसाला पोर देणं म्हणजे भरतीच्या तोंडाला बांध घालणं. मुलगा मला म्हणाला होता, “आई, सांगून टाक ना, काय चोरी केलीय का मी?” मी म्हटलं, “सांगते रे वेळ बघून.” वेळ बघण्यात मी पटाईत.

दिवाळी होऊन गेली होती. खारातलं, म्हणजे खाडीकाठच्या शेतांतलं, भात कापून पडलेलं, आणि नको तेव्हा आभाळ भरून आलेलं. त्या दिवशी सकाळी एक ड्रायव्हर आला नाही म्हणून मुलाला स्वतःच ट्रक घेऊन जावं लागलं. जाताना म्हणाला, “पाहुण्या जेवायला बसायच्या आत येतो. रेवसच्या धक्क्यावर मिनीडोरवाल्याला सांगून ठेवलंय, तो घेऊन येईल. आणि आई, माझी गाडी काढू नकोस. परवाच्या शर्यतीचे टायर हायत तिला. पाऊस आला तर फुकट मरशील.”

“मरायला मी काय आजच गाडी चालवायला शिकलेय?” मी म्हटलं.

तो हसला आणि गेला.

आता मिनीडोर म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको; बाहेरच्यांसाठी सांगते. सहा सीटची डुगडुग रिक्षा, तिच्यात दहा माणसं, दोन मासळीच्या पाट्या आणि कुणाची तरी कोंबडी. मी त्या मिनीडोरने जन्मभर फिरले, कधी कमीपणा वाटला नाही. पण त्या दिवशी पाट्यावर वाटण वाटता वाटता मला दिसायला लागलं, की मुलीची आई भारी साडी नेसून आलीय आणि तिच्या मांडीला बोंबलाची पाटी घासतेय. दारात झाकपाक निळी गाडी उभी. चावी खिळ्याला. आणि मला चालवता येते, हे खरंच आहे हो. तरुणपणी सुकलेल्या मिठागरात यजमानांच्या जीपवर माझी मीच शिकले. गावात गाडी चालवणारी पहिली बाई मी. जिताडा माशाचं कालवण चुलीवर ठेवलं, जावेला म्हटलं, “बघ गं जरा, लागू देऊ नको,” आणि चावी काढली.

जाऊ म्हणाली, “वन्सं... अगो, ताई, तो नको म्हणाला होता ना?” घाबरली की तिला मला काय म्हणायचं तेच सुचत नाही.

“तो पोर हाय. तू कालवण बघ.”

जाताना रस्ता कोरडा होता आणि काय गाडी धावली म्हणून सांगू! मऊ टायर वाटेतले खडे उचलायचे आणि ते आतून पत्र्यावर टकटक वाजायचे, एवढाच काय तो आवाज. बाकी वळणावर अशी घट्ट, जशी पाटावर बसलेय. मला वाटलं, उगाच भ्या घालतात ही पोरं.

लाँच लागली आणि पावसाचे थेंब एकदमच आले. मुलीची आई शांत, बारीक चणीची बाई. आत्या दणदणीत, नवरा गेल्यापासून भावाच्या ट्रकच्या धंद्यात तीच बसते, ड्रायव्हर लोक तिला चळचळा कापतात असं ऐकून होते. मिनीडोरवाला धक्क्यावर हजर होता. मला गाडीतून उतरताना बघून तो जरा चपापला. म्हणाला, “काकू, ही घेऊन आलात? दादा तर मला...”

“असू दे रे, तू तुझी शीटं भर,” म्हणून मी त्याला उडवून लावलं. मुलीच्या आईला म्हटलं, “पाहुण्यांना काय रिक्षात नेणार?” त्या म्हणाल्या, “आम्हाला चाललं असतं हो, ताई.” खरंच चाललं असतं. मागच्या मागे वळून मिनीडोरकडे बघतही होत्या.

पाऊस वाढला. मी बोलत होते. गाडी चालवताना माझं तोंड गप्प राहत नाही, हे कुठलं तळं, ह्यात जिताडे कुणाचे, ह्या बांधावर आमचे सासरे कसे भरतीत अडकले होते, सगळं चाललेलं. बोलता बोलता हाताला काहीतरी वेगळं लागलं. स्टीअरिंग हलकं झालं. म्हणजे कसं सांगू, विहिरीतून कळशी ओढताना दोर मध्येच रिकामा लागावा, तसं. मला कळलं. त्याच क्षणी कळलं, की मुलगा सांगत होता ते हेच. तिथे थांबायला हवं होतं. दोन्ही बायांना सांगायला हवं होतं, की पावसात ही गाडी चालत नाही, आपण जरा थांबू. पण मग त्या विचारणार, का चालत नाही? आणि मग सगळंच सांगावं लागणार. मी वेग तेवढा कमी केला.

एवढ्यात मागून पों पों करत मिनीडोर आली आणि आम्हाला मागे टाकून गेली. आतली माणसं आमच्याकडे बघत गेली. कोंबडीसुद्धा बघत होती. आत्या म्हणाली, “बाय, रिक्षा पुढे गेली गो आपल्या.” थट्टेत म्हणाली. पण मला लागलं. मी पाय दाबला.

“बाय, जरा दमानं.”

“हा रस्ता माझ्या पायाखालचा हाय,” मी म्हटलं.

रस्ता पायाखालचा होता. गाडी रस्त्यावर नव्हती. खाराच्या वळणावर भाताच्या ट्रॅक्टरांनी आणलेला चिखल पसरलेला, त्यावर पाणी. मी ब्रेक मारला, स्टीअरिंग वळवलं. चाकं वळली, मला वळलेली कळली, पण गाडी सरळच चालली. आवाज नाही, करकर नाही, काही नाही. एवढी शांतता मी गाडीत कधी ऐकली नव्हती. रस्त्याची कड आली, गेली, आणि आम्ही तिघी बायका भिजलेल्या भाताच्या पेंढ्यांवरून घसरत जिताड्याच्या तळ्याच्या बांधाला नाक लावून थांबलो. बांध नसता तर तळ्यातच.

कुणाला मोठं लागलं नाही, देवाची कृपा. मुलीच्या आईचा गुडघा पुढच्या सीटला आपटला होता. त्या ओरडल्या नाहीत, काही नाही, नुसता माझा खांदा घट्ट धरून बसल्या होत्या. तो हात सुटेपर्यंत मी त्यांच्याकडे वळून बघू शकले नाही.

बाहेर आलो. पोटऱ्यांपर्यंत चिखल. आणि आत्या, पक्की ट्रकवाली, तिने आधी साडी नाही बघितली, गाडी नाही बघितली, टायर बघितला. छत्री कानाशी दाबून वाकली, तळहात फिरवला आणि माझ्याकडे मान वर केली.

“बाय... हे गोटे हायत.”

मी पदराने तोंडावरचा पाऊस पुसला.

“अगो, पार गोटे! आमच्याकडे असला टायर ड्रायव्हरला दिला तर तो चावी फेकून जाईल. आणि ह्यावर तू आम्हाला घातलंस?”

त्या वेळी माझ्यापुढे दोन वाटा होत्या. शर्यतीचे आहेत म्हणावं, तर मुलगा शर्यत लावतो हे उघडं पडणार आणि मी लपवलं हेही. गोटेच आहेत म्हणावं, तर घराची अब्रू जाणार. आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? मी म्हटलं, “काय सांगू, आत्याबाई. पोराला किती वेळा सांगितलं, टायर बदल, टायर बदल. लक्षच देत नाही.”

तिसरी वाट काढली मी. सगळं मुलाच्या डोक्यावर टाकलं आणि आपण मोकळी. विचार करायलाही वेळ लागला नाही, हे मला आजही खातं.

मिनीडोरवाला पुढे गेलेला, आम्ही दिसेनात म्हणून परत आला होता. तो धावत खाली उतरला. “लक्ष देत नाही? काकू, दादा तर त्या टायरांना लेकरासारखं...” मी त्याच्याकडे असं बघितलं, की बिचाऱ्याने पुढचं वाक्य गिळलं. मग त्याने दोघींना हात देऊन वर काढलं, आतल्या माणसांना सरकवलं, आणि पाहुण्या शेवटी बोंबलाच्या पाटीशेजारी बसूनच आमच्या घरी आल्या.

मुलगा आधीच पोचला होता. आम्हाला चिखलात माखलेलं बघून त्याचं तोंड पांढरं पडलं. आधी त्याने मुलीच्या आईचा गुडघा बघितला, औषध आणलं. जेवताना आत्याने सुरुवात केली. जिताडं खात होती, काटे काढत होती, आणि त्याला सोलत होती.

“दोन ट्रकचा मालक ना रे तू? आईला गोटा टायरवर सोडतोस? टायर नाही बदलवत तुला, उद्या बायकोचं काय बघणार?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी भाकरी वाढत होते. माझा हात थांबला नाही. दुसरी भाकरी घेतली, वाढली. एवढ्यात त्याला काय ते समजलं असणार.

“चुकलं माझं, आत्या,” तो म्हणाला. “बदलतो.”

“आजच्या आज.”

“व्हय. आजच.”

पाहुण्या गेल्या. ट्रॅक्टर लावून गाडी काढली. संध्याकाळी तो मोरीपाशी बसून त्या टायरांमध्ये रुतलेले खडे एकेक करून काढत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“खरं सांगितलं असतं तर नकार आला असता रे,” मी म्हटलं.

“आला असता तर आला असता,” तो म्हणाला. मान वर केली नाही. “मी जो हाय त्याला आला असता.”

रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते.

पुढे काय झालं असेल, सांगा बघू? काही दिवसांनी उरणकडून एक पिकअप आला आणि आमच्या दारात चार टायर उतरवून गेला. वापरलेले, पण चांगले, खाचा खोल. पाठोपाठ आत्याचा फोन. “पोरगा मला आवडला. मान खाली घालून ऐकून घेतलं, उलट शब्द नाही. असतात पोरं आळशी, लग्न झालं की सुधारतात. आमच्याकडे पडून होते, ते पाठवलेत. लावून घ्या, मग पोरांना भेटवू.”

म्हणजे जमलं होतं. ज्याच्यासाठी मी एवढं केलं ते जमलं होतं. आणि दारात ते चार टायर, कुणी दान टाकून गेल्यासारखे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारायच्या, “कुणी पाठवले?” मुलगा त्यांना हात लावेना. मला म्हणाला, “आई, तिला मी भेटणार, आणि पहिल्याच भेटीत सगळं सांगणार. मग तू खोटी पडशील. त्यापेक्षा तू आधी जाऊन सांग.” माझी अब्रू वाचवायला बघत होता, अजूनही.

मी गेले. मिनीडोरने रेवसला, तिथून लाँचने खाडीपलीकडच्या करंजाच्या धक्क्याला. त्यांच्या ओटीवर बसून सगळं सांगितलं. टायर नवे होते, शर्यतीचे होते, त्याने मला नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, आणि तुमच्यासमोर त्याचं नाव घेतलं.

आत्या आधी बघतच राहिली आणि मग खो खो हसायला लागली. “शर्यतीचे? आणि मी त्याला जिताडं खाता खाता झाडला? अगो, आमचा भाऊ आत्ताआत्तापर्यंत बैल पळवत होता! शर्यतीचं काय घेऊन बसलीस?”

मी पण हसले, सुटल्यासारखी. मुलीची आई हसली नाही. तिचा गुडघा अजून दुखत असावा, ती पाय लांब करून बसली होती. माझ्या हातात चहाची कपबशी दिली आणि अगदी हळू विचारलं, “ताई, तुमचा एकुलता एक मुलगा ना तो?”

“हो.”

“त्याचं नाव तुम्ही इतक्या पटकन पुढे केलंत.” तिने लांब केलेला पाय जरा जवळ घेतला. “माझी मुलगी परकी. तिच्या हातून काही न होताच तिला चारचौघांत कुणी बोल लावला, तर तुम्ही काय म्हणाल?”

मला उत्तर देता आलं असतं. मी बोलण्यात काही कमी नाही, तुम्ही बघताच आहात. पण जे काही बोलले असते ते तिच्या घरात, तिच्यासमोर, ऐनवेळी सुचलेलं असतं, आणि मला ऐनवेळी काय सुचतं ते तिने भातात उभं राहून ऐकलेलं होतं. मी चहा प्यायले. गरम होता तरी प्यायले.

दोन दिवसांनी फोन आला, आत्याचाच. नेहमीचा दणदणीत आवाज खाली आलेला. “बाय, पोरात काही खोट न्हाय. पण वहिनीचं मन होत न्हाय गो.” मी विचारलं, टायर कधी पाठवू? म्हणाली, “राहू दे. लागतील तुला.”

मुलाला सगळं सांगितलं. शर्यतीला त्यांची हरकत नव्हती, हेही सांगितलं. ते सांगताना मात्र जीभ अडखळली. त्याने हातातली चावी खिळ्याला लावली. मग एवढंच म्हणाला, “बरी होती का गं ती, दिसायला? घरात होती का?” नव्हती. कामाला गेली होती. मीच बघितली नाही, तर त्याला काय सांगणार?

गावात मात्र बातमी वेगळीच झाली. शर्यतीच्या नादापायी पोराचं जमलेलं मोडलं, असं घरोघरी. पाणी भरताना बायका हळहळतात, “काय बाय, त्या गाडीने घात केला.” मी दर वेळी सांगते, मोठ्याने सांगते, “त्याच्यामुळे न्हाय, माझ्यामुळे मोडलं. मी खोटं बोलले.” पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगते, तुम्हाला सांगितलं तसंच. त्या ऐकून घेतात. एकमेकींकडे बघतात. आणि हंडा उचलता उचलता कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणते, “आई ती आईच गो. पोराचं झाकायला कसं सगळं आपल्यावर घेते.”